डावा मोजा वाळेना

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी अनवाणी होते, आणि माझे मोजे एका अतिशय महागड्या यंत्राच्या पाठीवर लटकत होते.

ही काय ओळख व्हायची रीत झाली, असं तुम्ही म्हणाल. पण तसंच झालं, त्याला मी काय करू? सकाळपासून पाऊस पिरपिरत होता. बसमधून उतरताना माझा पाय नेमका डबक्यात गेला. आमच्या ऑफिसातल्या यंत्रांच्या खोलीत पुढून हाडं गोठवणारी थंडी असते, पण मागच्या बोळकांडीत यंत्रांच्या पोटातली सगळी गरम हवा बाहेर पडते. तिथे कोणी फिरकत नाही. मी कागदांचे चिमटे लावून दोन्ही मोजे जाळीवर टांगले होते आणि डोळे मिटून, तळपाय शेकत, निवांत उभी होते.

"इथे एखादी जागा आहे का?"

मी अशी दचकले की पाठ थेट यंत्रावर आदळली. समोर एक अनोळखी माणूस. उंच, जरासा वाकलेला, केसांतून पाणी ठिबकतंय. एका हातात बूट, दुसऱ्या हातात पिळलेले मोजे. चेहरा असा की जणू रांगेत आपला नंबर कधी येतो ते विचारतोय.

"इथे... बाहेरच्यांना यायची परवानगी नाही," मी म्हणाले. अनवाणी माणसाच्या तोंडी असलं वाक्य शोभत नाही, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

"मी आतलाच. म्हणजे आजपासून. आपल्या दुसऱ्या ऑफिसातून आलोय, शेड्युलरच्या टीमला मदत करायला." त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि घाईघाईने नजर छताकडे नेली. "त्या टीमच्या मुख्य बाईंना शोधतोय. फार कडक आहेत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच."

"त्या मीच."

त्याच्या हातातला बूट खाली पडला. खरं सांगते, मला ते आवडलं.

"तुमचे दोन मोजे, माझे दोन," तो बूट उचलत म्हणाला. "यंत्रामागे गरम हवेचे झोतही चार. वाटणी बरोबर जमतेय... मुख्य बाईंची हरकत नसेल तर."

"वाटणी करणं हेच तर आमचं काम आहे," मी म्हणाले आणि माझा एक मोजा बाजूला सरकवला.

ते खरंच आमचं काम. आमची कंपनी ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि त्या कर्नलमध्ये शेड्युलर नावाचा एक कारभारी बसलेला असतो. आलेली कामं प्रोसेसरांना वाटून द्यायची. एकाच्या डोक्यावर डोंगर आणि दुसरा माशा मारतोय, असं होऊ द्यायचं नाही. आमचा शेड्युलर मी लिहिला होता. माझं लेकरूच म्हणा. आणि थोड्याच दिवसांत तो रुग्णवाहिकांच्या फोन-केंद्रात बसणार होता. अडचणीत सापडलेल्या माणसाचा फोन क्षणभरही ताटकळू नये म्हणून. त्या सकाळी त्याचीच रंगीत तालीम चालली होती: शहराचा नकाशा, खोटे फोन, खोटे अपघात, आणि चारही प्रोसेसरांवर पुरेपूर भार. एकेका प्रोसेसरची गरम हवा मागच्या एकेका झोतातून बाहेर पडायची.

"तुम्ही नेहमी इथे मोजे वाळवता?" त्याने विचारलं.

"फक्त यंत्रावर पूर्ण भार असतो तेव्हा. एरवी हवा कोमट येते."

"म्हणजे मोज्यांसाठी चाचणी लावता."

"चाचणी आधी. मोजे तिच्या जिवावर वाळतात."

तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं आणि ओठांपर्यंत पोचायला जरा वेळ घ्यायचं... आणि तेवढा वेळ मी उगीचच वाट बघत राहिले.

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग मी माझे मोजे काढले. नुकतेच इस्त्री केल्यासारखे गरम. त्याचा उजवा मोजाही खडखडीत वाळलेला. डाव्याच्या टोकाला मात्र पाण्याचा थेंब लोंबत होता.

"माझ्या डाव्या पायाशी तुमच्या यंत्राचं काही वैर आहे का हो?"

मी हसत हसत त्या झोतासमोर हात धरला आणि माझं हसू तिथेच थिजलं. हवा गार होती.

"पंखा बिघडला असेल," मी म्हणाले.

"पंखा तर फिरतोय."

"मग तुमचा मोजा जाड असेल."

त्याने तो ओला मोजा शेजारच्या झोतावर लावला. आपला वाळलेला उजवा मोजा पाण्याच्या बाटलीत बुचकळला आणि या गार जागेवर टांगला. आम्ही दोघं शेजारी शेजारी, मोज्यांकडे डोळे लावून उभे. डावा बघता बघता वाळला. उजवा ठिबकत राहिला. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी तशीच अनवाणी पडद्याकडे धावले. आलेखात दोन रेघा, दोन बहिणी हात धरून चालाव्यात तशा बरोबरीने चाललेल्या. सगळं आलबेल. पण तो आलेखही मीच आखला होता, आणि त्यात मी प्रोसेसरांच्या जोड्या धरल्या होत्या. पहिल्या दोघांची एक रेघ, पुढच्या दोघांची एक. मी एकेकट्याचे आकडे उघडले.

दुसऱ्या प्रोसेसरसमोर शून्य होतं.

फोन येताहेत, शेजारच्या जोडीत कामांची झुंबड उडालीय, खोट्या अपघातांतली खोटी माणसं मदतीची वाट बघत ताटकळताहेत... आणि हा एक हाताची घडी घालून बसलाय. कधीपासून? हे खरोखरीच्या फोन-केंद्रात बसलं असतं तर, हा विचार डोक्यात शिरला आणि मला खाली बसावंच लागलं.

तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला. त्याने माझे बूट उचलून आणून माझ्यासमोर ठेवले, नीट जोडीने.

"आधी घाला," तो हळूच म्हणाला. "वाईट बातमी सांगायला जाताना पायात काहीतरी असावं."

बातमी मी स्वतःच मॅडमना सांगितली. मॅडम म्हणजे आमची बॉस, चष्म्याच्या वरून बघणारी बाई. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"तुला हे कशामुळे सापडलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मोज्यामुळे."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बिनचष्म्याचं पाहिलं. फोन-केंद्राला कळवून त्यांनी तारीख पुढे ढकलली आणि मला म्हणाल्या, "दुरुस्त कर. त्या मोजेवाल्याला बरोबर घे."

असं त्याचं नाव पडलं. मोजेवाला.

---

चूक कुठे होती ते फळ्यावर मांडताना पुन्हा एकदा मला घाम फुटला, कारण ती इतकी साधी होती. पहिल्या प्रोसेसरवर शहराचा नकाशा रेखाटायचं एकच अवजड काम होतं. ते तोडून वाटता येण्यासारखं नव्हतं. त्याचा जोडीदार अगदी रिकामा. पण माझा शेड्युलर जोडीची सरासरी काढायचा. अर्धं वजन याचं, अर्धं त्याचं. शेजारच्या जोडीची सरासरीही तेवढीच. मग काय, दोन्ही घरी सारखंच ओझं आहे, असं समजून तो हात झटकून मोकळा व्हायचा.

"म्हणजे तो आळशी नव्हता," मोजेवाला खडू फिरवत म्हणाला. "त्याला कोणी विचारलंच नाही... बाबा रे, तुझ्याकडे काही आहे का, म्हणून."

"सरासरी चुकीची नव्हती," मी फणकाऱ्याने म्हणाले.

"नव्हतीच. सरासरीबाई."

"काय म्हणालात?"

"काही नाही. फळा पुसतोय."

तेव्हापासून मी सरासरीबाई झाले. बाहेर पाऊस काचेवर रेघा ओढायचा आणि आत आम्ही फळ्यावर. तो माझ्या प्रत्येक ओळीवर शंका काढायचा, आणि मी त्याच्या शंकेवर चिडायची, आणि चिडल्यावर ती शंका बरोबर आहे हे मला दिसायचं, मग मी आणखी चिडायची. दुपारी तो दोन कप चहा घेऊन यायचा. माझा कप ठेवताना त्याचा कान तो माझ्या उजव्या हाताकडे वळवून ठेवायचा. इतकी बारीकशी गोष्ट! पण एक दिवस चहा दुसऱ्या कोणी आणून दिला, कान भलतीकडे होता, आणि माझं चित्तच लागेना. हे काय होतंय मला, म्हणून मी घाबरले.

एक गोष्ट माझ्याही लक्षात आली होती. तो फक्त उजव्या बाजूने चावायचा. बिस्कीटसुद्धा.

"डाव्या बाजूच्या दातांना सुट्टी दिलीय का?" मी विचारलं.

"एक दाढ दुखते. म्हणून सगळं काम उजवीकडे."

"दुसऱ्यांच्या प्रोसेसरांची वाटणी करता आणि स्वतःच्या तोंडात हा कारभार. माझी आत्या दातांची डॉक्टर आहे. तिच्याकडे जा."

"आत्या कडक आहेत का?"

"माझ्याहून."

"मग नको," तो म्हणाला, आणि त्याचं हसू डोळ्यांतून ओठांकडे निघालं.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर आम्ही एकाच छत्रीत उभे होतो. छत्री माझी. ती छोटी आहे, हा माझा दोष नव्हे. त्याचा डावा खांदा भिजत होता आणि तो ते सांगत नव्हता.

"घरी कोण कोण असतं?" त्याने विचारलं.

"मी आणि आत्या. आई-बाबा ताईच्या बाळंतपणाला गेले ते तिकडेच रमले. पण घर कायम भरलेलं. पुढच्या खोलीत आत्याचा दवाखाना. पेशंट, त्यांच्याबरोबरची माणसं, वर आत्याच्या मैत्रिणी गाणं शिकायला येतात. फोन, बेल, हसणं..."

"म्हणजे रोज गर्दी."

"खूप."

तो रस्त्यावरच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "आणि त्या गर्दीत तू?"

तू. पहिल्यांदाच. मी बस येतेय का ते बघायचं नाटक केलं.

"मी आत असते. माझ्या खोलीत. दार लावून."

"आणि?"

"आणि... काही नाही."

'काही नाही' म्हणताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आमचं घर किती भरलेलं आहे, हे मी सगळ्यांना सांगत आले होते. स्वतःलासुद्धा. त्या घरात एक माणूस दिवसेंदिवस रिकामं बसलंय, संध्याकाळी कोणी आपल्याला काही विचारावं म्हणून वाट बघतंय, हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. भर रस्त्यात माझे डोळे भरून आले. मी पावसाला दोष दिला. छत्रीत असताना.

"मी मॅडमना विचारलंय," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "इथेच कायमचं राहता येईल का म्हणून. काम चांगलं आहे. पाऊसही... बरा आहे."

"मोजे वाळत नाहीत इथे."

"हो. त्यामुळेच."

बस आली आणि मी चढले. छत्री त्याच्याच हातात राहिली, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

---

नवा नियम शेवटी अगदी छोटा निघाला. जोडीची सरासरी बघायचीच नाही. जोडीतला सगळ्यात रिकामा कोण ते बघायचं. आणि जो रिकामा आहे त्याने हात पुढे करून शेजारच्या गर्दीतलं काम आपल्याकडे ओढून घ्यायचं. गर्दीने ढकलायची वाट बघायची नाही.

तालीम पुन्हा लावली. आलेखावर माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून आम्ही चार मोजे ओले करून चार झोतांवर टांगले. थोड्या वेळाने दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. त्यांच्या दोन कर्तबगार इंजिनिअरांना त्यांनी अनवाणी, गुडघ्यांवर बसून, एक एक मोजा गालाला लावून बघताना पाहिलं. त्या दारातच खिळल्या.

"वाळले," मी सांगितलं. "चारही."

"अभिनंदन," त्या कशाबशा म्हणाल्या. "पायात काहीतरी घालून माझ्या खोलीत ये."

मला वाटलं, पाठ थोपटायला बोलावताहेत. मी उड्या मारतच गेले.

"फोन-केंद्राचं काम मार्गी लागलं," मॅडम म्हणाल्या. "आता दुसरी अडचण. आपल्या त्या दुसऱ्या ऑफिसात कामाचा डोंगर झालाय. इथून एक माणूस तिकडे पाठवायचा, कायमचा. मी मोजेवाल्याला परत पाठवतेय. त्याने इथे राहायची विनंती केली होती, पण तूच लिहिलेला नियम आहे ना? काम हलवायचंच असेल तर नुकतं आलेलं हलवायचं."

नियम माझाच होता. एखादं काम एका प्रोसेसरवर बराच वेळ चाललं की त्याचं सगळं सामान तिथे जवळ मांडलेलं असतं. त्याला आम्ही 'गरम' काम म्हणतो. ते उचललं तर दुसरीकडे सगळं पुन्हा मांडावं लागतं. नुकतं आलेलं काम थंड असतं. ते हलवायला सोपं.

"बाकीच्यांची इथे घरं आहेत, पोरांच्या शाळा आहेत," मॅडम सांगत होत्या. "त्याचं इथे काय आहे? पण टीम तुझी. शेवटचा शब्द तुझा. तुझी हरकत असेल तर सांग, मी थांबवते."

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. हरकत होती. नखशिखांत हरकत होती. पण कारण काय सांगणार? तो कपाचा कान माझ्याकडे वळवून ठेवतो म्हणून? मी कडक बाई. माझा नियम. माझी टीम.

"नाही," मी म्हणाले. "माझी... काही हरकत नाही. नियमच आहे."

मागे काहीतरी खणकलं. मी वळले. अर्धवट उघड्या दारात तो उभा होता, हातात चहाचे दोन कप. त्याने दोन्ही कप आतल्या टेबलावर ठेवले, सावकाश, सांडू न देता.

"तुमची छत्री मी उद्या आणून देतो," तो मला म्हणाला आणि निघून गेला.

तुमची. त्या एका शब्दाने मला जेवढा धक्का बसला तेवढा त्या शून्यानेही बसला नव्हता. मग रोज तेच. तुम्ही बघून घ्या. तुम्हाला पाठवलंय. तुमची सही राहिलीय. सगळं अदबीने, सगळं वेळेवर. चहा बंद झाला. छत्री माझ्या खुर्चीला अडकवलेली सापडली, व्यवस्थित घडी घालून. मी त्याच्याशी बोलायला म्हणून उठायची, आणि त्याच्या टेबलापाशी जाऊन पाणी पिऊन परत यायची.

"तुला काय झालंय?" आत्याने विचारलं.

"काही नाही."

"कुठे दुखतंय?"

"आत्या, प्रत्येक वेळी दुखणं दातातच असतं असं नाही."

आत्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मैत्रिणींना गाण्याचा क्लास आज नाही म्हणून कळवून टाकलं. ती माझ्याजवळ येऊन बसली. पण मी तिच्या पेशंटांचीच चौकशी करत बसले.

---

तो जायच्या आदल्या दिवशी ऑफिसात त्याचा निरोप समारंभ होता. मला ते बघवणार नव्हतं. मी डोकं दुखतंय सांगून दुपारीच घरी आले. आत्या दवाखान्याच्या दारातच भेटली, हातमोजे चढवलेले, तोंडावरचा मास्क हनुवटीवर.

"बरं झालं आलीस. आत एक पेशंट आहे. दाढ काढायचीय. बधिर व्हायचं इंजेक्शन दिलंय, ते चढेपर्यंत जरा लक्ष ठेव. मी एवढा फोन घेऊन येते. बिचाऱ्याला उद्या गाव सोडायचंय, म्हणून आजच आला."

मी आत गेले. खुर्ची पार मागे टेकवलेली, दिवा तोंडावर, चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त पाय. बूट काढून ठेवलेले. आणि ते मोजे... ते मी कुठेही ओळखले असते. डाव्याच्या टाचेला यंत्राच्या जाळीचा पिवळट डाग होता.

मी दिवा बाजूला सारला. तोही मला बघून ताडकन उठायला गेला, पण गळ्यात पेशंटचं फडकं, तोंडात कापूस. डोळे मात्र एवढे मोठे झाले की मला त्याही अवस्थेत हसू आलं.

"निरोप समारंभ तुझा, आणि तू इथे?" मी म्हणाले.

"अं... ओं..." तो म्हणाला.

"बोलू नकोस. बोलता येत नाहीये तेच बरं. नाहीतर तू पुन्हा मला 'तुम्ही' म्हणशील, आणि मग मला काहीच सांगता येणार नाही."

मी चाकांचं स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. खुर्चीची कड धरली.

"मी खोटं बोलले त्या दिवशी. माझी हरकत होती. आहे. मॅडमनी विचारलं, त्याचं इथे काय आहे? आणि मी गप्प बसले. मला सांगता आलं नाही की... मी आहे. मी आहे ना इथे. तू आलास आणि मला पहिल्यांदा कळलं की भरल्या घरात मी रिकामी बसले होते. कोणी विचारलंच नव्हतं. तू विचारलंस. आणि मी तुलाच नियम लावून परत पाठवलं. मला तू हवा आहेस. आता तुला जायचंच असेल तर जा. पण हे न ऐकता जाऊ नकोस."

बोलून झाल्यावर मीच सुन्न झाले. एवढं सगळं माझ्या आत होतं? तो माझ्याकडे बघत होता. एका बाजूचा ओठ लोंबलेला, दुसरा थरथरत. मग त्याने सावकाश बोट उचललं आणि माझ्या पर्सकडे दाखवलं. फोनकडे.

मी मॅडमना फोन लावला. त्याच्यासमोरच.

"मॅडम, माझी हरकत आहे."

"कशाला?" पलीकडून टाळ्यांचा, माणसांचा आवाज येत होता. "इथे केक कापायचाय आणि ज्याला निरोप द्यायचा त्याचाच पत्ता नाही."

"त्याला पाठवू नका. आपण पुन्हा तीच चूक करतोय. माणूस तिकडे ढकलतोय. रिकाम्याने काम ओढून घ्यायचं असतं, हे तर आत्ता आपणच सिद्ध केलं. तिकडचं काम इकडे मागवा. मी घेते."

"तू? तुझी टीम तर पूर्ण भरलेली आहे."

"टीम भरलेली आहे. मी नाही. सरासरीत दिसत नव्हतं."

पलीकडे आवाज थांबला. मॅडम बहुतेक खोलीबाहेर आल्या असाव्यात.

"बरं, काम इकडे मागवता येईल," त्या हळूहळू म्हणाल्या. "ते मला पटतंय. पण मला एक सांग. तो नुकताच आलेला आहे. त्याला हलवणं जड जाईल, हे तू कशावरून ठरवलंस?"

मी डोळे मिटले. आता मिटलेलेच बरे.

"कारण त्याला उचललं तर माझंही सगळं उचलावं लागेल, मॅडम."

मॅडम खाकरल्या. "सोमवारी दोघंही आराखडा घेऊन माझ्याकडे या. त्याचं जाणं मी थांबवते. आणि हे बघ... मोजे घालून या."

फोन ठेवला आणि वळले, तर दारात आत्या. सगळं ऐकलेलं. जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणून सांगणारी माझी आत्या स्वतः आ वासून उभी होती. तिच्या हातातला मास्क खाली पडला, तो उचलायचंही तिला सुचलं नाही.

"हा?" एवढंच ती म्हणाली.

"हा," मी म्हणाले.

आत्याने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "दाढ मला काढायचीच आहे," ती बजावल्यासारखी म्हणाली. "पण इंजेक्शन चढायला अजून थोडा वेळ लागेल." आणि बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं.

आम्ही दोघंच उरलो. खिडकीवर पाऊस वाजत होता. काय करावं ते मला सुचेना. मी हात पुढे केला आणि हलकेच त्याच्या गालावर ठेवला. त्याने मान हलवली. नाही.

मी हात मागे घेणार, तेवढ्यात त्याने तो घट्ट धरला. त्या डाव्या, बधिर, गार गालावरून उचलला... आणि दुसऱ्या बाजूला नेऊन उजव्या गालावर ठेवला. तिथे गाल तापलेला होता, आणि ओला होता.

"इकडे," तो बोबड्या तोंडाने म्हणाला. "इकडे कळतं गं."